नावाच्या जागी फुल्या

१

सकाळी पेपर आला तेव्हा गायिका खिडकीपाशी गरम पाण्याचा पेला घेऊन बसली होती. पहिल्याच पानावर तिचा फोटो होता आणि त्याखाली मोठ्या अक्षरात बातमी: गळ्यात गाठ, तातडीने शस्त्रक्रियेचा सल्ला. बातमीशेजारी पुराव्यादाखल एक चित्र छापलं होतं. हॉस्पिटलच्या पोर्टलवरच्या तिच्या तपासणी अहवालाचं पान, कुणीतरी पडद्याचा फोटो काढून पेपरला पाठवलेलं. पानावर नावाच्या जागी फुल्या होत्या. बातमीत नाव ठळक छापल्यावर त्या फुल्यांचा काय उपयोग, असं वाचणाऱ्याला वाटलं असेल.

दुपारपर्यंत आयोजकांनी तिचा गाण्याचा सबंध दौरा रद्द केला. संध्याकाळपर्यंत काही लोक म्हणायला लागले की सहानुभूती मिळवायला तिनेच ते पान दिलं असणार.

हॉस्पिटलच्या संचालकांची काळजी वेगळी होती. त्यांच्या संस्थेची हॉस्पिटलं बऱ्याच शहरांत होती आणि सगळ्यांचं पोर्टल एकच. डॉक्टर त्यावर अहवाल लिहीत, रुग्ण घरबसल्या ते वाचत, औषधांच्या मागण्याही तिथूनच जात. त्यातलं एक पान बाहेर जाऊ शकतं म्हणजे कुठलंही जाऊ शकतं. गायिकेचं पान गेल्या काही दिवसांत कुणी कुणी उघडलं, याची नोंद त्यांनी मागवली. डॉक्टरांनी उघडलं होतं, वॉर्डातल्या नर्सने उघडलं होतं, आणि बातमीच्या आदल्या दिवशी सर्व्हर विभागाच्या प्रमुखांनी उघडलं होतं.

या प्रमुखांना सगळं ऑफिस काका म्हणायचं. पोर्टलची सगळी यंत्रणा त्यांनीच उभी केली होती आणि तिची राखणही तेच करत. रुग्णाचा अहवाल वाचण्याचं त्यांना काहीच कारण नव्हतं.

"तुम्ही उघडलंत?" संचालकांनी विचारलं.

"हो."

"कशासाठी?"

काका काही बोलले नाहीत. त्यांना घरी पाठवण्यात आलं.

हॉस्पिटलतर्फे खुलासा लिहायचं काम जनसंपर्क अधिकारी बाईंकडे आलं. त्या गायिकेच्या सख्ख्या धाकट्या बहीण. बहिणीच्या बदनामीचा खुलासा स्वतःच्या हाताने लिहायची पाळी आली म्हणून सगळ्यांना त्यांची कीव आली. त्यांनी तो लिहिला, संचालकांच्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "काकांनी असं काही केलं असेल, असं मला वाटत नाही."

"मग कुणी केलं?"

त्या उठून गेल्या.

२

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बाहेरून एक बाई बोलावल्या. मोठमोठ्या संस्थांच्या सर्व्हरमध्ये कुठून शिरता येतं हे शोधून द्यायचं, हा त्यांचा व्यवसाय. ज्यांच्याकडे त्या जात ते लोक पाठीमागे त्यांना कुलूपबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

"आम्हाला माणूस सापडलाय," संचालक म्हणाले. "तुम्ही फक्त पक्कं करून द्या."

"सापडलाय तर मला कशाला बोलावलंत?"

"तो बोलत नाही."

कुलूपबाई काकांच्या घरी गेल्या. काकांच्या बायकोने दार उघडलं, पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काय विचारायचंय ते विचारा, पण आधी दोन घास खायला सांगा. कालपासून नुसते भिंतीकडे बघत बसलेत."

काका खरोखरच भिंतीकडे बघत बसले होते. कुलूपबाईंनी खुर्ची ओढली आणि ती भिंत आणि काका यांच्या मधोमध ठेवून बसल्या.

"फोटो काढलात का?"

"नाही."

"मग पान उघडलंत कशाला?"

"तरुणपणापासून मी त्यांचं गाणं ऐकतोय," ते म्हणाले. "मागच्या कार्यक्रमात वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. लोकांच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. मग त्यांना आमच्या हॉस्पिटलच्या जिन्यात पाहिलं, आणि राहवलं नाही. तो आवाज राहणार की जाणार, एवढंच बघायचं होतं."

"हे संचालकांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, आणि त्या आपल्यासाठी वापरायच्या नसतात, हे मीच नव्या मुलांना शिकवतो. गाण्याच्या वेडापायी वापरल्या म्हणून सांगू?"

"कुणाला बोललात?"

"कुणाला नाही. हिलासुद्धा नाही."

"मला आत्ताच कळतंय," आतून बायकोचा आवाज आला.

काका कसंनुसं हसले. "तुमचा विश्वास बसतोय का माझ्यावर?"

"विश्वास ठेवणं हे माझं काम नाही. तुम्ही काय वाचलंत ते सांगा. जेवढं आठवतंय तेवढं."

"उजव्या स्वरतंतूवर गाठ. लवकर काढली तर आवाज वाचेल. तोवर गायचं नाही."

कुलूपबाईंनी पर्समधून पेपरचं पान काढलं, उलगडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. छापलेल्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं: डाव्या स्वरतंतूवर गाठ.

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "मी हे पान पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

३

कुलूपबाई गायिकेच्या घरी गेल्या तेव्हा तिला बोलायची मनाई होती. तरी ती बोलली, हळू आणि खरखरीत आवाजात, प्रत्येक वाक्यानंतर थांबत.

"डावी नाही, उजवी. पहिल्या अहवालात डॉक्टरांची चूक झाली होती. मीच दाखवून दिली. दुखतं ते मला कळणार ना? त्यांनी माफी मागितली आणि त्याच आठवड्यात पोर्टलवर दुरुस्ती केली. याला आता काही महिने झाले."

"म्हणजे चुकीचा अहवाल पोर्टलवर जेमतेम काही दिवस होता."

"हो. आणि आता लोक म्हणतात, मीच पेपरला दिला. द्यायचा असता तर बरोबर तरी दिला असता."

"तुमच्याकडे त्याची छापील प्रत?"

"माझ्याकडे हॉस्पिटलचं काहीच नसतं. कार्ड, रुग्ण-नंबर, तारखा, सगळं छोटी सांभाळते." छोटी म्हणजे धाकटी बहीण. "मला फक्त गाता येतं."

"मग त्यांना गाठीचं माहीत होतं."

गायिकेने नकारार्थी मान हलवली. "डॉक्टरांच्या दाराबाहेर बसवायचे मी तिला. घसा बसलाय, एवढंच सांगितलं होतं. दोनदा विचारलं तिने, दोन्ही वेळा तेच सांगितलं. खरं कळलं असतं तर तिने मला दौऱ्यावर पाठवलंच नसतं."

"डॉक्टरांनी पाठवलं असतं?"

"नाही." गायिकेने नजर टाळली. "पण हा दौरा पुन्हा आला नसता. एवढा करायचा आणि मग ऑपरेशन, असं ठरवलं होतं."

"मधल्या काळात आवाज गेला असता तर?"

तिने गरम पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.

कुलूपबाई जिना उतरताना विचार करत होत्या. चुकीचं पान काही महिन्यांपूर्वी चारदोन दिवस पोर्टलवर होतं. तेव्हाच कुणी त्याचा फोटो काढला असेल तर तो इतके महिने खिशात ठेवून त्याने काय साधलं? आणि मग आत्ताच का पाठवला?

याचं उत्तर त्यांना दुपारी मिळालं, पण ते अपेक्षेपेक्षा भलतंच होतं.

४

पोर्टलचं रूप नुकतंच बदललं होतं. पानांची नवी मांडणी केली होती ती एका तरुण डिझायनरने. तिच्या टेबलावर रंगांचे नमुने पसरले होते आणि ती कुलूपबाईंना बघून घाबरलेली होती, कारण काकांना घरी बसवल्यापासून सर्व्हर विभागात सगळेच घाबरलेले होते.

"हे बघ आणि काय दिसतं ते सांग," कुलूपबाई म्हणाल्या आणि पेपरचं पान पुढे केलं.

तिने फक्त चित्राकडे पाहिलं. "हे माझं पान आहे," ती म्हणाली, आणि भीती असूनही आवाजात थोडा अभिमान आलाच. "ही वरची पट्टी, हे गोलसर कोपरे. जुन्या पोर्टलवर सगळं कसं चौकोनी आणि करडं होतं."

"हे नवं रूप लोकांपुढे कधी आलं?"

"याच महिन्यात."

"नक्की?"

"त्या दिवशी मी सगळ्यांना केक वाटला होता. नक्की आठवतंय."

कुलूपबाईंनी एक कोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. "आता मला समजावून सांग. चुकीचा मजकूर पोर्टलवर होता तेव्हा पानं जुन्या रूपाची होती. पानं नव्या रूपाची झाली तेव्हा मजकूर कधीच दुरुस्त झालेला होता. मग जुनी चूक आणि नवं रूप एकाच पानावर कसं?"

डिझायनर कागदाकडे बघत राहिली. "असं पान असूच शकत नाही," ती म्हणाली.

"पण छापून आलंय."

तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "असू शकतं," ती म्हणाली. "एका ठिकाणी. पण ते तर बंद केलंय." तिचा हात माउसकडे गेला. "म्हणजे, मी करणार होते."

५

कुठलंही पोर्टल बदलण्याआधी त्याची एक नक्कल वेगळ्या सर्व्हरवर मांडून बघतात. या हॉस्पिटलनेही तसं केलं होतं. चाचणीच्या त्या पोर्टलवर खोटे रुग्ण भरायचे, असं आधी ठरलं होतं. पण खोट्या माहितीत पानं ओकीबोकी दिसत. कुठे अहवाल लांब, कुठे तोकडा, हे खऱ्याशिवाय कळेना. डिझायनरने काकांकडे लकडा लावला. काकांनी बरेच दिवस नाही म्हटलं आणि शेवटी एक जुना बॅकअप दिला, काही महिन्यांपूर्वीचा. तो घेतला होता नेमका त्या आठवड्यात, जेव्हा गायिकेच्या अहवालात चूक होती. सगळ्यांची नावं झाक, ही त्यांची अट होती. काम संपलं की सर्व्हर बंद कर, ही दुसरी अट.

"पहिली पाळली," डिझायनर म्हणाली. डोळे भरले होते. "प्रत्येक नावाच्या जागी फुल्या येतील असं करून घेतलं. दुसरी राहून गेली. नवं पोर्टल सुरू झालं, त्या गडबडीत विसरले. काकांना वाटतंय की बंद आहे."

"पासवर्ड?"

"चाचणी करणाऱ्या सगळ्यांना एकच."

"कोण आत आलं, याची नोंद?"

"नाही. तात्पुरतंच होतं ना."

कुलूपबाईंनी त्या सर्व्हरची पुराव्यासाठी एक प्रत काढून घेतली आणि तो तिच्यादेखत बंद करायला लावला. चोर नंतरही सापडेल, तोवर दार उघडं कशाला, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी पेपरच्या संपादकांना फोन लावला.

"फोटो कुणी पाठवला ते सांगणार नाही," संपादक आधीच म्हणाले.

"मी ते विचारतच नाही. नावावरच्या फुल्या तुम्ही टाकल्यात का?"

"आम्ही कशाला टाकू? पान तसंच आलं होतं. नाव पत्रात वेगळं लिहिलं होतं. आदल्या रात्री आयोजकांना विचारलं, त्यांनी गायिकेला विचारलं, तिने नाही म्हटलं नाही, म्हणून छापलं."

फोन ठेवल्यावर कुलूपबाईंनी डिझायनरला विचारलं, "चाचणीच्या पोर्टलवर सगळ्या नावांच्या फुल्या. मग हजारो रुग्णांतून एकाचं पान कसं शोधायचं?"

"नावाने नाही सापडणार. रुग्ण-नंबर माहीत असेल तरच."

"गायिकेचा नंबर तुला माहीत आहे?"

"मला कसा असेल? खऱ्या पोर्टलवर मला रुग्णांची पानं उघडतच नाहीत."

"आणि तो एक पासवर्ड कुणाकुणाकडे होता?"

डिझायनरने आठवून आठवून नावं सांगितली. काका. ती स्वतः. हिशेब विभागातले, नुसती औषधखरेदी बघणारे एक गृहस्थ. आणि पानांवरची भाषा तपासून मंजूर करणाऱ्या बाई.

शेवटचं नाव सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला.

६

जनसंपर्क अधिकारी बाईंच्या केबिनमध्ये खुलाशांचे जुने गठ्ठे होते आणि एका कोपऱ्यात बहिणीच्या कार्यक्रमाचं चित्र टांगलेलं. कुलूपबाई आत आल्या, दार लोटलं, आणि न बसता बोलायला लागल्या.

"छापलेलं पान चाचणीच्या पोर्टलवरचं आहे, दुसरं कुठलं असू शकत नाही. तिथे शिरायला पासवर्ड लागतो आणि पान शोधायला नंबर लागतो. डॉक्टर आणि नर्सकडे नंबर होता, पासवर्ड नव्हता. शिवाय स्वतः दुरुस्त केलेली चूक डॉक्टर कशाला पेपरात देतील? डिझायनर आणि हिशेबवाल्यांकडे पासवर्ड होता, पण नंबर कळायला वाट नव्हती. राहता राहिले काका. त्यांना दोन्ही मिळालं असतं. पण चोरवाट वापरणारा माणूस आदल्या दिवशी समोरच्या दाराने स्वतःच्या नावाने आत जात नाही. आणि त्यांनी उजवी वाचलीय, डावी नाही."

बाई टेबलावरच्या हातांकडे बघत होत्या.

"तुम्हाला खऱ्या पोर्टलवर कुणाचाच अहवाल दिसत नाही. म्हणून तुमच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नाही. पण पासवर्ड तुमच्याकडे होता, आणि कार्ड तुमच्याच पर्समध्ये असतं."

"आत्ताही आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी नाकारलं नाही. जणू कुणी विचारावं म्हणून थांबल्यासारख्या त्या सलग बोलत गेल्या.

"ताई खोटं बोलत होती. घसा बसलाय म्हणे. घसा बसल्यावर माणूस रोज झोपेत गळा धरतो का? म्हणून पाहिलं. वाचलं. दौरा समोर होता. मी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. मी गयावया केली असती, तिने मला घराबाहेर काढलं असतं, आणि ती गेली असती. ती आयुष्यात कुणाचं ऐकून थांबलेली नाही. मग ज्यांनी तिला बोलावलं होतं, त्यांनीच नको म्हणावं असं केलं."

"डाव्या-उजव्याचं?"

"मला काय माहीत ते चूक आहे ते? मला एकच शब्द दिसत होता."

"बहिणीसाठी केलंत ते मी समजू शकते," कुलूपबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "काकांना घरी बसवलं, तेव्हा गप्प राहिलात. ते कुणासाठी?"

बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं.

"मी त्यांच्या बाजूने बोलले होते," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो. खरं सोडून सगळं बोललात."

बाईंनी पर्समधून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग उठल्या, पदर सारखा केला, आणि विचारलं, "संचालकांकडे आधी जायचं की ताईकडे?"

"ते तुम्ही ठरवा. मी बरोबर येते."

त्या आधी काकांच्या घरी गेल्या.

७

काकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मीही उघडायला नको होतं." काकांच्या बायकोने मात्र सुनावायचं ते सुनावलं.

बाईंनी राजीनामा दिला. गायिकेने पोलिसांत तक्रार केली नाही आणि बहिणीशी बोलणंही बंद केलं. घरात एकच वाक्य झालं असं म्हणतात. "माझ्याशी भांडली असतीस, तर निदान भांडण झालं असतं."

काका कामावर परत आले. रुग्णांचं पान एकट्याने उघडायची मुभा आता कुणालाच नसावी, अगदी सर्व्हर-प्रमुखालाही नाही, दुसऱ्या कुणीतरी मंजुरी दिल्याशिवाय ते उघडूच नये, अशी मागणी त्यांनी आल्या आल्या केली. कुलूपबाईंनी ती आपल्या शिफारशींत पहिली घातली. डिझायनरला बोलणी बसली, नोकरी राहिली. चाचणीच्या नव्या पोर्टलवर तिने खोटे रुग्ण भरले आणि त्यांना इतके तपशीलवार आजार दिले की एका खऱ्या डॉक्टरने त्यातल्या एकाला तपासायला बोलावलं.

ऑपरेशन झालं. त्यानंतर बरेच दिवस पूर्ण मौन होतं. गायिका तपासणीला एकटी यायची आणि एकटी जायची.

पोर्टलची फेरतपासणी करायला कुलूपबाई पुन्हा आल्या, तो गायिकेचं मौन सुटायचा दिवस होता. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर दोघींची गाठ पडली. गायिकेने नुसतीच मान हलवली. कुलूपबाईंनीही हलवली आणि शेजारी बसल्या.

आतून नर्स आली. "पहिल्यांदा बोलताना बरोबर घरचं माणूस असलं तर बरं," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर कोणी आहे का?"

गायिकेने खिडकीतून खाली पाहिलं. खाली गाड्या उभ्या करायच्या जागेत एका कोपऱ्यात एक जुनी गाडी उभी होती आणि तिच्यात कुणीतरी बसलेलं होतं. ती गाडी प्रत्येक तपासणीला येत होती. आतली बाई एकदाही उतरली नव्हती, आणि गायिकेने आजवर तिकडे बघितल्याचं दाखवलं नव्हतं.

गायिकेने गळ्यावर हात ठेवला. निघालेला आवाज तिच्या जुन्या आवाजासारखा नव्हता. तो जाड होता, खाली उतरलेला, पण फाटलेला नव्हता.

"बहीण आहे," ती म्हणाली. "खाली गाडीत बसलीय. तिला वर बोलवा."